मूल होत नसेल तर आधी पुरुषाची तपासणी

सोयाबीन पेरण्याआधी घरच्या बियाण्याची उगवण तपासून घ्या, असे कृषी खात्याची माणसे दर मे-जूनमध्ये गावोगाव सांगतात. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवडाभराने उघडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरणीलायक. गेवराई, माजलगाव, केजच्या बाजूला हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. जमीन कितीही कसदार असली तरी बी खराब असेल तर पीक येत नाही, यावर कोणी वाद घालत नाही.

घरात मात्र उलटे चालते. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की सुनेची सोनोग्राफी होते, सुनेचे रक्त तपासतात, सुनेची पिशवी धुतात, सुनेच्या नळ्यांचा एक्स-रे काढतात. मध्येच कोणी तिच्यासाठी अंगारा आणते. या सगळ्यात अंगावरचे सोने मोडते, मुकादमाकडून उचल वाढवून घेतली जाते. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी, जी काही शे रुपयांत होते आणि जिच्यात सुईसुद्धा टोचत नाहीत, ती सगळ्यात शेवटी होते. पुष्कळदा होतच नाही.

बाई म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी, ही कल्पना मनुस्मृतीतली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली, त्याला आता शंभर वर्षे होत आली. पण शेताला नापीक म्हणायचे आणि बी कधी तपासायचेच नाही, ही तिची रीत आपल्याही वस्त्यांत टिकून आहे. विहारात बसून आपण हे कबूल केले पाहिजे. मुळात ती कल्पनाच चुकीची आहे. बाळाच्या शरीराचा निम्मा आराखडा आईच्या बीजातून येतो आणि निम्मा बापाच्या शुक्राणूतून. म्हणून मूल न होण्याची कारणेही दोघांकडे असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. आणि अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण सापडते, कधी एकट्या पुरुषात, कधी दोघांतही.

हे आम्ही बीडमध्ये बसून लिहितो आहोत, याला अर्थ आहे. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांना विचारले, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोट दुखले, अंगावरून पांढरे गेले, पाळीला त्रास झाला, की उपाय एकच, बाईला टेबलावर घ्या. मूल होत नसले तरी टेबलावर बाईच. पुरुषाचे शरीरही कामाने, उन्हाने, तंबाखूने झिजते आणि ती झीज पुढच्या पिढीच्या बीजापर्यंत पोचते, हे आपल्याकडे कोणी बोलत नाही. म्हणून या महिन्याचे पान दादांसाठी.

लाजण्याचे काही कारण नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून याच विषयांवर उघड लिहीत होते आणि वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे देत होते. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये मुंबईच्या कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण जो विषय बाबासाहेबांना कोर्टात मांडायला लाज वाटली नाही, तो आपल्याला घरात बोलायला वाटू नये.

शुक्राणूला गंज कसा लागतो

कोयता धार लावून ओसरीत ठेवला आणि चार महिने हात लावला नाही, तर त्यावर तांबूस थर चढतो. वांगे चिरून ठेवले तर काळे पडते. दोन्ही ठिकाणी काम एकाचेच, हवेतल्या प्राणवायूचे. तो जसा जीव जगवतो तसा वस्तू झिजवतोही.

आपल्या शरीरात हेच रात्रंदिवस चालू असते. प्रत्येक पेशी प्राणवायू वापरून अन्नापासून ताकद तयार करते. चुलीतून जशा ठिणग्या उडतात तसे या कामात काही तिखट कण बाहेर पडतात, ते समोर येईल त्याला चावतात. शरीराकडे ते विझवणारी द्रव्येही असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. ठिणग्या आणि पाणी यांचा मेळ असला की सगळे ठीक. ठिणग्या वाढल्या किंवा पाणी कमी पडले की पेशी जळायला लागते. डॉक्टर याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. आपण गंज म्हणू.

थोड्या ठिणग्या शुक्राणूला लागतातही. त्यांच्याशिवाय तो स्त्रीबीजात शिरण्यासाठी तयार होत नाही. पण जास्त झाल्या तर इतर कुठल्याही पेशीपेक्षा शुक्राणूचे नुकसान लवकर होते. एक तर त्याची बाहेरची त्वचा अशा चरबीची असते की तिला हा गंज पटकन धरतो. दुसरे असे की लांबचा पल्ला गाठायचा म्हणून शुक्राणूने आपले बहुतेक सामान टाकून दिलेले असते. डोके, इंजिन आणि शेपूट, बस. ठिणग्या विझवणारे पाणी आणि मोडतोड दुरुस्त करणारा मिस्त्री, दोन्ही त्याच्या अंगात जवळजवळ नसतात. तो सगळा भरवसा ज्या वीर्यात पोहतो त्या पाण्यावर ठेवतो. ही गोष्ट नवीन नाही. जॉन मॅकलिऑड या संशोधकाने १९४३ मध्येच दाखवले होते की प्राणवायू जास्त झाला की शुक्राणूंची हालचाल मंदावते.

शुक्राणूच्या डोक्यात असते काय? डीएनए, म्हणजे बापाकडचा अर्धा आराखडा. लांबच लांब दोरा घट्ट गुंडाळून ठेवावा तसा तो ठेवलेला असतो. उसाची मोळी वाढ्याने करकचून बांधली की वाहताना एक कांडेही निसटत नाही, तसेच. मोळी सैल बांधली गेली तर गंज आत शिरतो आणि दोरा ठिकठिकाणी तुटतो. असा तुटका दोरा घेऊनही शुक्राणू पळू शकतो, बीजापर्यंत पोचू शकतो, गर्भही धरू शकतो. वरून पाहून काही कळत नाही. स्त्रीबीज आपल्या परीने तुटलेल्या जागा सांधायचा प्रयत्न करते. तरुण बाईचे बीज हे काम बऱ्यापैकी करते, वय वाढेल तशी ती ताकद कमी होते. तूट जास्त असेल तर गर्भ धरत नाही, किंवा धरला तरी काही आठवड्यांत पडतो.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. ज्या घरात सुनेचे तीन-तीन गर्भ पडले आहेत आणि तिला कसली कसली नावे ठेवली गेली आहेत, त्या घरासाठी ते लिहिले आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये ५० पुरुषांचे वीर्य तपासून निष्कर्ष छापले. या सगळ्यांच्या बायकांचे लागोपाठ तीन किंवा जास्त गर्भपात झालेले होते. तुलनेसाठी असा त्रास नसलेले ६० पुरुष घेतले. पहिल्या गटातल्या शुक्राणूंच्या डीएनएत दुप्पट मोडतोड होती आणि वीर्यात त्या तिखट कणांचे प्रमाण चौपट होते. पाहणी लहान आहे आणि प्रत्येक गर्भपाताचे कारण नवऱ्यात असते असा तिचा अर्थ नाही. थायरॉइड, साखर, गर्भपिशवीची ठेवण, गुणसूत्रांतले दोष, रक्ताचे काही आजार ही कारणेही असतात, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण ‘गर्भ धरतो ना, मग पोरगा ठीकच आहे’ हे सासूबाईंचे गणित यापुढे चालणार नाही, एवढे नक्की. मुंबईत परळला केंद्र सरकारची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे. तिथेही वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांतल्या पुरुषांचे शुक्राणू अभ्यासले गेले आहेत.

हा गंज येतो कुठून

आपल्या वस्त्यांत पहिले नाव तंबाखूचे. मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, विडी, कशातही घ्या. तंबाखूची विषे रक्तातून थेट वीर्यात उतरतात, ठिणग्या वाढवतात आणि विझवणारे पाणी संपवतात. ‘मी ओढत नाही, नुसती खातो’ असे सांगणारे दादा पुष्कळ भेटतात. खाण्यानेही नुकसान होते. तंबाखू चघळणाऱ्या ६३८ भारतीय पुरुषांची एक पाहणी २००५ मध्ये छापली गेली. दिवसाला जितक्या जास्त वेळा तंबाखू, तितकी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि ठेवण खराब, असे तिच्यात दिसले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळते ते आम्ही लिहायला नको.

दुसरे कारण उष्णता. निसर्गाने वृषण, म्हणजे बोलीत आपण गोळ्या म्हणतो त्या, शरीराबाहेर पिशवीत लटकवल्या आहेत. कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. वीटभट्टीवर, गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे, बेकरीत, वेल्डिंगवर, बॉयलरजवळ तासन् तास उभे राहणाऱ्यांना ते मिळत नाही. दिवसभर ट्रक नाहीतर ट्रॅक्टरच्या तापलेल्या सीटवर बसणाऱ्यांचेही तेच. त्यात वरून घट्ट जाड जीन्स. काम सोडा असे आम्ही सांगणार नाही, पोट कोणाला चुकले आहे? पण सैल सुती कपडे, भट्टीपासून दर तासाला थोडा वेळ बाजूला येणे, दुपारच्या जेवणाला सावली आणि भरपूर पाणी हे मागता येते. मालकाकडे ते टोळीने मिळून मागावे. एकट्याचे कोणी ऐकत नाही.

मोठा तापही असेच करतो. टायफॉइड, डेंग्यू, मलेरियात अंग तापले की पुढचे दोन-तीन महिने तपासणी खराब येऊ शकते. तेवढ्यावरून घाबरू नका, ताप जाऊन तीन महिने झाले की पुन्हा तपासा.

फवारणीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावी शेतीची विषे बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या कामगारांच्या बोलता बोलता ध्यानात आले की आपल्यापैकी कोणाच्याच घरी मूल होत नाही. त्यांनी आग्रह धरून स्वतःची तपासणी करून घेतली. १९७७ मध्ये उघड झाले की डीबीसीपी नावाच्या, जमिनीतल्या सूत्रकृमींना मारणाऱ्या औषधाने त्यांच्यातल्या अनेकांचे शुक्राणू अगदी कमी झाले होते, काहींचे तर पार संपले होते. दोन वर्षांत त्या देशात त्या औषधाचा जवळजवळ सगळा वापर बंद झाला. हे आधी कोणा कंपनीने किंवा डॉक्टरने सांगितले नव्हते, कामगार एकमेकांशी बोलले म्हणून कळले. आपल्याकडे कापसावर जी औषधे मारतात ती वेगळी आहेत. पण त्यांतली काही शरीरात हाच गंज वाढवतात. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना मजूर मेले ते आपण विसरलेलो नाही. जीव वाचला तरी रोज थोडे थोडे अंगात जाणारे विष काय करते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. फवारणीला पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला मास्क आणि हातमोजे घाला. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका. फवारून आल्यावर तंबाखू मळण्याआधी हात साबणाने धुवा. आणि ते कपडे बायकोला घरच्या कपड्यांत मिसळून धुवायला देऊ नका.

दारूबद्दल पंचशीलातले पाचवे शील सगळ्यांना पाठ आहे, म्हणून इथे फार लिहीत नाही. ती शुक्राणूंनाही मारते. वाढलेली साखर आणि पोटाचा घेर यांनीही गंज वाढतो. लघवीच्या मार्गातला किंवा लैंगिक संबंधातून झालेला जंतुसंसर्ग अंगावर काढला की वीर्यात पांढऱ्या पेशी जमतात. त्या जंतूंवर ज्या ठिणग्या फेकतात त्यांत शुक्राणूही भाजतात. जळजळ, पू, दुखणे असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथे उपचार मोफत आहे आणि तो दोघांनीही घ्यायचा असतो.

आणखी एक दोष असा आहे की तो पुष्कळ पुरुषांत असतो, बहुतेकांना माहीत नसतो आणि तो दुरुस्त करता येतो. गोळीच्या वरच्या शिरा फुगून त्यांत रक्त साचते. याला व्हेरिकोसील म्हणतात. तो जास्त करून डाव्या बाजूला होतो. उभे राहून हात लावला तर पिशवीत गांडुळे भरल्यासारखे लागते, कधी दिवसअखेर जडपणा वाटतो. सर्वसाधारण पुरुषांत शंभरात पंधरा जणांना तो असतो, मूल होत नसलेल्या पुरुषांत शंभरात पस्तीस ते चाळीस जणांना. साचलेल्या रक्ताने गोळी तापते आणि गंज वाढतो. तपासणीही खराब असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने तो बांधता येतो आणि डीएनएची मोडतोड कमी होते. ज्याला तो आहे पण तपासणी चांगली आहे, त्याने उगाच शस्त्रक्रियेच्या मागे लागू नये.

जिमला जाणाऱ्या पोरांना एक वेगळी सूचना. दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची जी इंजेक्शने खपवली जातात, त्यांनी शरीर शुक्राणू बनवणे थांबवते. बाहेरून माल येतो म्हटल्यावर आतला कारखाना बंद पडतो. तो पुन्हा सुरू व्हायला अनेक महिने लागतात. काहींचा तर नीट सुरू होतच नाही.

तपासणीला जाताना

लग्नाला वर्ष झाले, दोघे एकत्र राहतात, कुठले साधन वापरत नाहीत आणि दिवस गेले नाहीत, तर दोघांनी एकाच वेळी तपासणीला जावे. बाईचे वय ३५ च्या वर असेल तर सहा महिनेच थांबा. मात्र ऊसतोडीला, ट्रकवर किंवा पुण्या-मुंबईला गेलेला नवरा वर्षातून दोन महिने घरी असेल, तर ते वर्ष वर्ष धरू नका. महिने मोजा.

वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको. त्याहून कमी नको, जास्तही नको. नमुना लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा तर लॅबने दिलेल्या डबीत, अंगाजवळ ठेवून, तासाच्या आत पोचवावा. साधा निरोध वापरून आणू नका, त्यातल्या वंगणाने शुक्राणू मरतात. एकदा खराब आली म्हणून निकाल लावू नका, काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा करा.

रिपोर्टवर आकडे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, दर मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यांतले ४२ टक्के हलणारे, ३० टक्के पुढे पळणारे, ४ टक्के नीट ठेवणीचे. चार टक्के वाचून माणसे रडवेली होतात. दादा, शंभरातले चार नीट असले तरी ते लाखांत भरतात. आणि या मर्यादेखाली असूनही बाप झालेले पुरुष आहेत. शून्य शुक्राणू आले तर मात्र तज्ज्ञ डॉक्टर हवा, कारण त्यातही कुठे नळी बंद असते आणि कुठे बनणेच थांबलेले असते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

या आकड्यांचा मर्दानगीशी काही संबंध नाही. संबंध नीट ठेवता येणे वेगळे आणि शुक्राणू चांगले असणे वेगळे. दवाखान्यातल्या नोकरीच्या काळात आम्ही पाहिले की रिपोर्ट हातात पडल्यावर पुरुषाची मान खाली जाते आणि सोबतची बाई तो रिपोर्ट पदराखाली लपवते. घरी गेल्यावर दोष ती स्वतःच्या अंगावर घेते. ताई, तसे करू नका. तुमच्या लपवण्याने त्याचा उपचार लांबतो.

साध्या तपासणीत डीएनएची मोडतोड दिसत नाही. त्यासाठी डीएनए फ्रॅगमेंटेशन नावाची वेगळी तपासणी आहे, ती मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते आणि तिला काही हजार रुपये लागतात. पुष्कळ लॅब १५ टक्क्यांच्या आत चांगले आणि ३० च्या वर जास्त मोडतोड असे धरतात. ही तपासणी सगळ्यांनी करायची नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनीही सांगितले आहे की ती सुरुवातीला करू नये. वारंवार गर्भपात होत असतील तर तिचा विचार करावा. पहिल्याच भेटीत कोणी ती लिहून दिली, तर ‘हिच्या निकालाने माझा उपचार बदलणार आहे का?’ असा सरळ प्रश्न विचारा.

पावडरी, बाबा आणि तीन महिने

गंज म्हटला की गंज घालवणारे विकायला येणारच. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या-पावडरींचे डबे आता तालुक्याच्या मेडिकलमध्येही दिसतात. गंज कमी करायचा तर अँटिऑक्सिडंट खा, हे ऐकायला पटते. प्रत्यक्षात काय दिसले? अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २०२० मध्ये छापले. निम्म्या पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक अॅसिड दिले, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. मुले जन्मण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहिले आणि डीएनएची मोडतोड गोळी खाणाऱ्यांत उलट थोडी जास्तच निघाली. त्याच वर्षी दुसऱ्या एका लहान प्रयोगात व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम असे सगळे मिळून दिले, तरी फरक पडला नाही. काही लहान पाहण्यांत फायदा दिसला आहे, म्हणून काही डॉक्टर या गोळ्या देतात. पण उचल घेऊन महिन्याला दोन-तीन हजारांचा डबा आणावा इतका पुरावा त्यांच्यामागे नाही, असे आमचे मत आहे. त्या पैशात शेंगदाणे, हरभरा, अंडी, शेवग्याचा पाला, पेरू, आवळा घरातल्या सगळ्यांना पुरतात. आपल्या बालाघाटाचे सीताफळही चांगले, पण सीताफळ खाऊन वर गुटखा टाकला तर त्या फळाचा काय इलाज?

बाबा-बुवांबद्दल एवढेच की मूल होण्यासाठी दैवी शक्तीचे आमिष दाखवून बाईशी संबंध ठेवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तसा प्रकार कानावर आला तर पोलिसांत जा. आणि ‘दुसरी करून पाहू’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना सांगा, १९५५ चा विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. पहिली बायको असताना दुसरे लग्न हा गुन्हा आहे. शिवाय बी तेच असेल तर शेत बदलून काय उगवणार?

आता आशेची गोष्ट. बाईची बीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात, पुरुषाचे तसे नाही. त्याचा कारखाना रोज चालतो. एक शुक्राणू बनायला साधारण ७४ दिवस लागतात आणि पुढे पिकून बाहेर यायला आणखी थोडे. म्हणजे आज तंबाखू सोडली, भट्टीची धग कमी केली, संसर्गाचा उपचार घेतला, तर तीन महिन्यांनी जो माल बाहेर येतो तो नव्या परिस्थितीत बनलेला असतो. म्हणून डॉक्टर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. महिनाभर तंबाखू सोडून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्याने जुनाच माल तपासलेला असतो. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर मात्र हे तीन महिने नुसते वाट पाहण्यात घालवू नका, तिची तपासणी सोबतच चालू द्या.

वीर्य साठवले की घट्ट आणि जोमदार होते, म्हणून महिनाभर वेगळे झोपा, असा सल्ला गावोगाव मिळतो. नेमके उलटे आहे. जुने शुक्राणू जितके दिवस आत पडून राहतात तितका त्यांना गंज चढतो. पाळी सुरू झाल्यापासून साधारण दहाव्या ते अठराव्या दिवसापर्यंत एक-दोन दिवसांआड जवळ यावे. पाळी नियमित येत असेल तर एवढे पुरते. नवरा दूर कामाला असेल तर घरी यायची तारीख या दिवसांवर ठरवा.

एवढे करूनही जमले नाही तर नळीतून वीर्य आत सोडणे, टेस्ट ट्यूब बेबी असे उपाय आहेत. २०२१ च्या कायद्याने अशा सेंटरची नोंदणी सक्तीची आहे. पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद आणि सगळा खर्च लेखी मागा.

आणि घरात लहान मुलगा असेल तर आयांनी एक पाहावे. अंघोळ घालताना, कोमट पाण्यात, दोन्ही गोळ्या खाली पिशवीत हाताला लागतात का? एखादी लागत नसेल तर ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणून थांबू नका. सहा महिन्यांपर्यंत ती आपोआप उतरू शकते. त्यानंतर सर्जनला दाखवा आणि शस्त्रक्रिया सांगितली तर दीड वर्षाच्या आत करून घ्या. पोटातल्या उष्णतेत राहिलेली गोळी पुढे शुक्राणू नीट बनवू शकत नाही आणि तिला कॅन्सरचा धोकाही जास्त असतो. ऊसतोडीला निघण्याआधी, दसऱ्याच्या आसपास, हे एकदा पाहून घ्या. फडावर गेल्यावर दवाखाना गाठणे होत नाही.